रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू: घरच्या कामाला लावला तर कसा आहे

सुरुवातीलाच सांगून टाकते, छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या माणसाने पहिला बोर्ड कुठला घ्यावा असं मला कोणी विचारलं तर मी आजही रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यूच सांगते. फास्ट म्हणाल तर तो फास्ट नाहीये, त्याच्यापेक्षा जास्त रॅमचे बोर्ड जवळपास त्याच पैशात मिळतात, तरी पण. एवढ्याशा पट्टीत अख्खा लिनक्स कॉम्प्युटर आहे, पिना मोकळ्या आहेत, वायफाय आहे आणि कुठे अडलं तर उत्तर सापडतंच सापडतं. माझ्याकडचा एक साताऱ्याच्या घरी आईबाबांकडे चालू असतो, टाकीच्या पाण्याचा आकडा आणि रोजची तिथी दाखवायला, आणि दुसरा पुण्यात फ्लॅटवर राउटरशेजारी जाहिराती अडवायला बसवलाय. दोन्ही दिवसरात्र चालू असतात, त्यामुळे जे लिहितेय ते वापरून झाल्यावरचं आहे, डबा उघडला आणि लिहिलं असं नाही.

आधी बोर्ड काय आहे ते बघू. ६५ बाय ३० मिलिमीटर, शर्टाच्या खिशात सहज जातो. मधोमध एकच मोठी काळी चिप, तिचं नाव आरपी३ए०. या चिपच्या पोटात दोन गोष्टी एकत्र आहेत, एक म्हणजे ब्रॉडकॉमचा चार कोअरचा प्रोसेसर, कॉर्टेक्स ए५३, १ गिगाहर्ट्झ, आणि दुसरी म्हणजे ५१२ एमबी रॅम. रॅम त्याच पॅकेजमध्ये असल्यामुळे नंतर वाढवायचा प्रश्नच येत नाही, जे आहे ते ५१२ आणि तेवढ्यातच भागवायचं, हे घेण्याआधी डोक्यात पक्कं ठेवा कारण पुढच्या सगळ्या गोष्टी तिथेच येऊन अडतात. कडेला एक मिनी एचडीएमआय, दोन मायक्रो यूएसबी, त्यातला एक फक्त पॉवरसाठी आणि एक कामाचा, मायक्रो एसडी कार्डची खाच, कॅमेऱ्याच्या पट्टीचा कनेक्टर आणि वरच्या कडेला ४० भोकं. भोकं म्हणतेय कारण साध्या व्हर्जनला पिना लावलेल्या नसतात, त्या आपण सोल्डर करायच्या. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आणि ब्लूटूथ ४.२. लॅनची जागा नाही, हेडफोनचं भोक नाही.

प्रोसेसर खरं तर जुना आहे. २०१६ साली पाय ३ आला होता त्याच्यातलंच सिलिकॉन इथे जरा कमी स्पीडवर चालवलंय. पण मूळ झिरोशी तुलना करा ना, तो २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ५ डॉलरला आला होता, आणि त्यांच्याच मॅगपाय मासिकाच्या ४० व्या अंकाच्या मुखपृष्ठावर चक्क फुकट चिकटवून दिला होता, कॉम्प्युटर मासिकाबरोबर फुकट ही कल्पनाच मला अजून भारी वाटते. त्याच्यात एकच कोअर होता. मग २०१७ मध्ये वायफायवाला झिरो डब्ल्यू १० डॉलरला आला आणि २८ ऑक्टोबर २०२१ ला हा झिरो टू डब्ल्यू १५ डॉलरला. चारी कोअर कामाला लावले तर मूळ झिरोच्या पाचपट काम करतो असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं आणि रोजच्या वापरात तो फरक खरंच कळतो, जुन्या झिरोवर एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून नेटवर्कने, आत शिरलं की कमांड टाइप करून वाट बघायला लागायची, इथे तसं होत नाही. आला तेव्हा जगभर चिपांचा दुष्काळ होता, त्यामुळे पुढची दीड-दोन वर्षं हा बोर्ड मिळणं म्हणजे नशिबाचा भाग होता आणि एका माणसाला एकच असा नियम बऱ्याच दुकानांनी लावलेला. आता तसं नाहीये, आपल्याकडे साधारण दीड ते दोन हजारांच्या मध्ये कुठेतरी मिळतो, जीएसटी आणि कुरिअर धरून दोन-तीन ठिकाणी भाव बघून घ्या, फरक असतो.

आता ५१२ एमबीत काय होतं आणि काय नाही. डेस्कटॉप लावून ब्राउझर उघडायचा आणि यूट्यूब बघायचं असेल तर हा बोर्ड घेऊ नका, एक जड वेबसाइट उघडली की रॅम संपते आणि मग स्वॅप, म्हणजे रॅमच्या जागी हळू कार्ड वापरणं, सुरू होतो आणि सगळं गोगलगाय. मुलाला अभ्यासाला कॉम्प्युटर म्हणून हा घ्यावा का असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय, उत्तर नाही, त्यासाठी पाय ४ किंवा पाय ५ बघा नाहीतर सेकंडहँड लॅपटॉप घ्या. पण लाइट ओएस टाकली, म्हणजे हलकी ऑपरेटिंग सिस्टिम, खिडक्या-बिडक्या नसलेली, फक्त कमांडची, तर सुरू झाल्यावर निम्म्याहून जास्त रॅम मोकळी राहते आणि मग त्यावर एखादा पायथन प्रोग्रॅम, एखादा छोटा वेब सर्व्हर, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट, एमक्यूटीटीचा ब्रोकर, म्हणजे सेन्सरचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्रॅम, हे सगळं एकत्र आरामात चालतं. मोठं अपडेट करताना मात्र वेळ देऊन करा, घाईने मधेच पॉवर काढू नका.

सेटअप आता अगदी सोपा झालाय. इमेजर नावाचं सॉफ्टवेअर आहे रास्पबेरी पायवाल्यांचं, त्यात कार्ड लिहायच्या आधीच वायफायचं नाव, पासवर्ड, युजर, एसएसएच चालू, टाइमझोन कोलकाता असं सगळं भरून टाकता येतं. कार्ड घातलं, पॉवर दिली, मिनिट-दोन मिनिटं थांबलं की लॅपटॉपवरून आत जाता येतं, मॉनिटर कीबोर्ड काही लागत नाही. एकच गोष्ट, ज्यांच्या राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही वेगळ्या नावांनी आहेत त्यांनी २.४ चं नाव टाका, ५ चं नाव टाकलं तर बोर्डाला ते दिसणारच नाही आणि तुम्ही तासभर पासवर्ड तपासत बसाल. अँटेना बोर्डातच कोरलेला आहे, त्यामुळे पत्र्याच्या डब्यात बसवला तर वायफाय गेलंच समजा, प्लास्टिकचा डबा घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगचे जंक्शन बॉक्स मिळतात ना तेसुद्धा चालतात.

पायथनची लायब्ररी टाकताना नव्या ओएसमध्ये साधं पिप, म्हणजे लायब्ररी उतरवायची पायथनची कमांड, चालत नाही, एक्स्टर्नली मॅनेज्ड असा एरर येतो. नवीन माणसं इथे घाबरतात. घाबरायचं काही नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमपुरता वेगळा कप्पा, बनवायचं आणि त्यात टाकायचं, नाहीतर तीच लायब्ररी ॲप्टने, म्हणजे ओएसच्याच कमांडने, मिळत असेल तर ॲप्टने घ्यायची, ॲप्टने घेतलेली जास्त निवांत चालते असा माझा अनुभव. जुने व्हिडिओ बघून करणाऱ्यांनी तारीख बघत जा, २०२३ च्या आधीच्या व्हिडिओतली वायफायची फाइल आणि कॅमेऱ्याच्या कमांड दोन्ही आता बदलल्यात.

आता साताऱ्याचं टाकीचं काम सांगते, कारण या बोर्डाचे गुणदोष तिथेच नीट कळले. गच्चीवर सिंटेक्सची टाकी, खाली मोटर, आणि टाकी भरली की नाही हे बघायला बाबा गच्चीवर जायचे, गुडघे दुखतात तरी. टाकीच्या झाकणाला खालच्या बाजूला तोंड करून अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला, जेएसएन-एसआर०४टी, हा वॉटरप्रूफ येतो, गाडीच्या रिव्हर्स पार्किंगला असतो तसला गोल डोळा आणि लांब वायर. तो आवाज खाली सोडतो, पाण्यावरून परत आला की किती वेळ लागला ते सांगतो, तो मायक्रोसेकंदांतला वेळ ५८ ने भागला की सेंटिमीटर.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट त्यांना सहन होत नाही. आणि हा सेन्सर ५ व्होल्टवर चालवला की त्याची एको पिन, म्हणजे वेळ सांगणारी पिन, ५ व्होल्टच देते. ती सरळ जोडली तर ती पिन जाईल, कधी कधी अख्खा बोर्ड जाईल. उपाय फारच स्वस्त आहे, एक के, म्हणजे हजार ओहमचे, तीन रेझिस्टर घ्या, एको पिनपासून एक, त्याच्यापुढे दोन एकामागे एक ग्राउंडपर्यंत, आणि पहिल्या रेझिस्टरच्या पुढच्या जोडावरून पायच्या पिनला वायर. ५ चे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३, काम झालं. दोन-तीन रुपयांचं सामान, पण ते नसेल तर बोर्डाचे पैसे पाण्यात.

दुसरं, लिनक्स हा एकाच कामाकडे टक लावून बसत नाही, त्याची मागे दहा कामं चालू असतात, त्यामुळे पायथनमधून मायक्रोसेकंद मोजायला गेलं की मधेच एखादं रीडिंग भलतंच येतं, टाकी अर्धी असताना एकदम रिकामी दाखवते. सात-आठ रीडिंग घेऊन त्यातलं मधलं घ्यायचं, सरासरी नको, सरासरीत ते चुकीचं रीडिंग मिसळतं. तिसरं, या सेन्सरला जवळचं दिसत नाही, २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं काही तो सांगू शकत नाही, म्हणजे टाकी काठोकाठ भरली की नेमकं तेव्हाच तो बरळतो. म्हणून झाकणावर उंचवटा करून सेन्सर वर उचलावा लागतो, पीव्हीसी पाइपचा जरा रुंद तुकडा लावला की होतं. आणि चौथं म्हणजे ऊन. आवाजाचा वेग २० डिग्रीला सेकंदाला ३४३ मीटर असतो तो ४० डिग्रीला ३५५ च्या आसपास जातो, म्हणजे मीटरभर अंतरात तीन-साडेतीन सेंटिमीटरचा फरक. घरच्या टाकीला तेवढा चालतो, पण ज्यांना अगदी बरोबर आकडा हवाय त्यांनी डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर सोबत लावावा, त्याला एकच डेटा वायर लागते आणि ४.७ के चा एक रेझिस्टर, पायमध्ये त्याची सोय आयतीच आहे, चालू केलं की तापमान एका फाइलमध्ये येऊन बसतं, फाइल वाचली की झालं. हार्डवेअर फाइलसारखं वाचायचं ही लिनक्सची गंमत मला या बोर्डानेच शिकवली.

आता खरं बोलायचं तर नुसत्या टाकीच्या सेन्सरला पाय लागतच नाही. ईएसपी३२ हा शांघायच्या एस्प्रेसिफचा बोर्ड त्यासाठी जास्त बरा, झिरोपेक्षा बराच स्वस्त, पॉवर दिली की लगेच सुरू, लाइट गेली-आली तरी त्याला कार्ड खराब व्हायची भीती नाही, आणि मायक्रोसेकंद मोजायला तर तो उत्तमच. त्यामुळे आता गच्चीवर ईएसपी३२ आहे, तो वायफायवरून आकडा पाठवतो, आणि खाली हॉलमध्ये झिरो टू डब्ल्यू तो आकडा घेतो, साठवतो, मोबाइलवर दाखवतो आणि भिंतीवरच्या स्क्रीनवरही दाखवतो. मला विचाराल तर ही जोडी सगळ्यात योग्य आहे. हात म्हणून ईएसपी३२ आणि डोकं म्हणून पाय. झिरोकडून दोन्ही कामं करून घेता येतात पण बॅटरीवर चालणारं, झोपून उठून एकच रीडिंग देणारं काम त्याचं नाही, त्याला ईएसपीसारखी गाढ झोप घेताच येत नाही.

भिंतीवरची स्क्रीन म्हणजे २.१३ इंची ई-पेपर, २५० बाय १२२ पिक्सेल, वेव्हशेअरची. ती नेमकी झिरोच्याच आकाराची येते, पिनांवर दाबून बसवली की दोन्ही मिळून एकच वस्तू होते, वायर नाही काही नाही. ई-पेपरला दिवा नसतो, छापल्यासारखं दिसतं आणि लाइट गेली तरी शेवटचं चित्र तसंच राहतं. आईला त्यावर तिथी हवी होती, आणि तिथी काढणं हे गणित म्हणून फार सुंदर आहे, चंद्र आणि सूर्य यांच्या आकाशातल्या रेखांशातला फरक काढायचा, दर १२ अंशांना एक तिथी, ३६० अंशांत ३० तिथ्या, आणि सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. पायथनमध्ये स्कायफील्ड म्हणून लायब्ररी आहे, ती नासाच्या जेपीएलची ग्रहांची फाइल वापरते, डीई४२१ नावाची फाइल १७ एमबीची आहे आणि २०५० पर्यंत आरामात पुरते. एकदा उतरवली की इंटरनेटशिवायही गणित चालतं. साताऱ्याचे अक्षांश-रेखांश दिले की सूर्योदयही मिळतो. झिरो टू डब्ल्यूला हे गणित काहीच जड नाही, ईएसपीवर हेच करायचं तर डोकं फुटलं असतं. दारावरच्या कालनिर्णयशी रोज पडताळून बघायचं काम आईने आवडीने घेतलंय.

खरी लढाई झाली ती मराठी अक्षरांची. पिलो नावाच्या लायब्ररीने चित्रावर मजकूर काढला की पहिल्यांदा दिसतं काय, तर तिथी शब्दातली पहिली वेलांटी त च्या आधी यायची ती नंतर येते, शुक्ल मध्ये क चा पाय मोडलेला दिसतो आणि ल वेगळा, चतुर्थीतला रफार डोक्यावर जायच्या ऐवजी र चा पाय मोडून बाजूला बसतो. बघवत नाही. पुष्कळ लोक इथेच हार मानून इंग्रजीत काढतात, तसं करू नका, उपाय आहे. अक्षरं जुळवायचं काम राक्म नावाची लायब्ररी करते, ती सिस्टिमवर टाका, पिलोला ती दिसतेय का ते पिलोच्याच फीचर्स मॉड्यूलमधून तपासा आणि फॉन्ट उघडताना लेआउट इंजिन राक्म असं सांगा. झालं, सगळी जोडाक्षरं सरळ. फॉन्ट म्हणून मी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता वापरते, तो फुकट आहे, पण एवढ्या कमी पिक्सेलवर साध्या वजनाचा फॉन्ट तुटक दिसतो, जाड वजन घ्या आणि अक्षराचा आकार २२-२४ च्या खाली नेऊ नका, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटून जातात, वयस्कर माणसाला चष्मा लावूनही वाचता येत नाही. हे एकदा जमलं की भिंतीवर स्वच्छ मराठीत कार्तिक शुक्ल एकादशी, टाकी ७० टक्के असं दिसतं, आणि ही गोष्ट घरात आली याचा मला मनापासून आनंद आहे. स्क्रीन पूर्ण बदलताना दोनेक सेकंद काळीपांढरी लुकलुकते, तो दोष नाही, ई-पेपर तसाच असतो.

लाइटचा मुद्दा मात्र आपल्याकडे वापरणाऱ्याने सगळ्यात आधी वाचावा, विलायती रिव्ह्यूमध्ये तो कोणी लिहीतच नाही. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, वळवाचा पाऊस आला की जाते, आणि पाय बंद करायची पद्धत म्हणजे आधी शटडाउन द्यायचं आणि मग पॉवर काढायची. तशी न काढता धाडकन गेली आणि त्या क्षणी कार्डवर काही लिहिणं चालू असेल तर फाइल सिस्टिम बिघडते, पुढच्या वेळी बोर्ड उठतच नाही. मग लोक म्हणतात पाय टिकत नाही. पाय टिकतो, कार्ड जातं. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या कमांडमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम नावाचा पर्याय आहे तो चालू करा, त्याने कार्ड फक्त वाचण्यापुरतं राहतं आणि सगळं लिखाण रॅममध्ये होतं, लाइट कितीही वेळा गेली तरी बोर्ड उठतो. तोटा असा की रीस्टार्ट झाला की रॅममधलं सगळं जातं, म्हणून टाकीचे जुने आकडे मी दुसरीकडे पाठवते. ज्यांना तेवढं नको असेल त्यांनी राउटरला लावायचा छोटा डीसी यूपीएस मिळतो तसा ५ व्होल्टचा घ्यावा. कार्ड नावाजलेल्या कंपनीचं आणि खात्रीच्या दुकानातून घ्या, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, वर ६४ लिहिलेलं आणि आत भलतंच असतं.

लाइटशीच जोडलेली अजून एक अडचण म्हणजे घड्याळ. या बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, सुरू झाला की वेळ इंटरनेटवरून घेतो. लाइट आल्यावर बोर्ड आधी उठतो, राउटर मागून उठतो, फायबरचं कनेक्शन त्याच्याही मागून, तोपर्यंत बोर्डाच्या मनात लाइट गेली तेव्हाचीच किंवा त्याच्याही आधीची वेळ असते. टाकीला फरक पडत नाही पण तिथीला पडतो. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं मॉड्यूल मिळतं, शे-दीडशे रुपयांत, चारच वायर, त्यात नाण्यासारखा सेल बसतो, ते लावलं की प्रश्न मिटला.

आणि पॉवर सप्लाय. घरात पडलेला कुठला तरी मोबाइल चार्जर आणि त्याची मळकी केबल लावायची आणि मग बोर्ड हँग होतो म्हणायचं, हे फार बघितलंय. चार्जर ठीक असला तरी बारीक तारांच्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोठे पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की तक्रार नोंदवतात, झिरोत मात्र ती सोय नाही. म्हणून बोर्ड हँग व्हायला लागला की आधी केबल बदला. कंपनी अडीच अँपिअरचा सप्लाय सांगते पण नुसता बोर्ड तेवढं खात नाही, निवांत बसलेला असताना वॅटभरसुद्धा घेत नाही, एक वॅट धरला तरी महिन्याला पाऊण युनिटच्या आतच, वीजबिलात दिसणारही नाही. गरम होतो का, तर तिथी आणि टाकीच्या कामाला अजिबात नाही. चारी कोअर बराच वेळ पळवले तर उन्हाळ्यात तापतो आणि ८० डिग्रीला स्वतःहून स्पीड कमी करतो, तसं काम असेल तर छोटा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, चिकटवा.

पुण्यातल्या बोर्डावर पाय-होल आहे, जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारा डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर. मला वाटतं घरी लगेच दिसणारा फायदा हवा असेल तर हे पहिलं करावं, पिना नाही, सोल्डरिंग नाही, फक्त कार्ड, पॉवर आणि राउटरमध्ये एक आकडा बदलायचा. वायफायवर असूनही माझ्याकडे अडथळा जाणवत नाही. यूट्यूबच्या जाहिराती मात्र याने जात नाहीत, त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात, उगाच आशा लावून घेऊ नका. आणि हा बोर्ड बंद पडला तर घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद पडल्यासारखं होतं हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. या झिरोमध्ये एच.२६४, म्हणजे दाबून लहान केलेला, व्हिडिओ बनवायचा वेगळा हार्डवेअर ब्लॉक आहे, १०८० पी ३० फ्रेम्सपर्यंत, प्रोसेसरला त्रास न देता. महागड्या पाय ५ मधून तो काढून टाकलाय, तिथे ते काम प्रोसेसरलाच करावं लागतं. म्हणजे अंगणातल्या पक्ष्यांसाठी किंवा गोठ्यावर लक्ष ठेवायला छोटा कॅमेरा बनवायचा तर हाच बोर्ड शहाणपणाचा. फक्त पट्टी बघून घ्या, झिरोचा कनेक्टर अरुंद आहे, कॅमेऱ्याबरोबर येणारी रुंद पट्टी बसत नाही, झिरोसाठीची वेगळी मागवावी लागते.

दुसरे पर्याय बघितले नाहीत असं नाही. दुसऱ्या कंपनीचा ऑरेंज पाय झिरो २डब्ल्यू तर आकारानेही हाच आहे, ऑलविनरचा एच६१८ प्रोसेसर, १.५ गिगाहर्ट्झ, १ ते ४ जीबी रॅम, ५ गिगाहर्ट्झ वायफाय, टाइप सी. कागदावर तो सरळ जिंकतो, आणि ज्याला लिनक्स मुरलेलं आहे, कर्नलचे एरर वाचता येतात, आर्मबियन ही अशा बोर्डांसाठीची लिनक्स टाकता येते, त्याने रॅमसाठी तो जरूर घ्यावा. पण नव्या माणसाने नको. एखादा सेन्सर विकणारा उदाहरणाचा कोड देतो तो रास्पबेरीसाठी देतो, ऑरेंजवर पिनांचे नंबर वेगळे, लायब्ररी वेगळी, आणि प्रत्येक ठिकाणी आपणच जुळवत बसायचं. रास्पबेरीवाल्यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत जो पहिला बोर्ड काढला तोसुद्धा आजच्या ३२ बिट ओएसवर चालतो, एवढी जुनी वस्तू सांभाळणारी कंपनी मला या धंद्यात दुसरी दिसत नाही, आणि मी पैसे देते ते मुख्यतः त्यासाठी. पायचाच पिको हा वेगळा प्राणी आहे, तो लिनक्सचा कॉम्प्युटर नाही, ईएसपीच्या गटातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप, आहे, नावावरून गोंधळू नका. त्याच गटात आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे एरीज बोर्ड आहेत, त्यांच्यात भारतात डिझाइन केलेला वेगा प्रोसेसर असतो, रिस्क-फाइव्ह या सगळ्यांना खुल्या रचनेचा, १०० मेगाहर्ट्झ. कॉलेजच्या मुलांनी तो जरूर हाताळावा, आपल्याकडे डिझाइन झालेल्या प्रोसेसरवर एलईडी लुकलुकवण्यात वेगळंच समाधान आहे.

न आवडलेल्या गोष्टी एकत्र सांगते. मायक्रो यूएसबी २०२१ सालच्या बोर्डावर नको होतं, टाइप सी हवं होतं. मिनी एचडीएमआयची केबल कोणाच्याच घरात नसते. रॅम निदान १ जीबी असती तर हा बोर्ड पाच-दहा वर्षं हलला नसता. आणि ॲनालॉग पिन, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणारी, एकही नाही, मातीचा ओलावा मोजायचा स्वस्त सेन्सर लावायचा म्हटलं तरी एमसीपी३००८ सारखी वेगळी चिप घ्यावी लागते, शेतीचे प्रयोग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खरेदीचं म्हणाल तर बोर्ड अधिकृत विक्रेत्याकडून ऑनलाइनच घ्या, विक्रेत्यांची यादी रास्पबेरी पायच्या साइटवर देशानुसार मिळते. बाकीचं सामान, म्हणजे रेझिस्टर, जंपर वायर, पिनांची पट्टी, सेन्सर, हे पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतं, शिवाय हातात घेऊन बघता येतं. सेन्सर नेहमी दोन घ्या, एखादा मुळातच बंद निघतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर डब्ल्यूएच नावाचं व्हर्जन मागा, त्याला पिना कंपनीतूनच लावून येतात, थोडे पैसे जास्त पडतात, पण ४० पिना एकमेकींना न चिकटता लावणं हे पहिल्याच सोल्डरिंगला जमणारं काम नाही. साधं व्हर्जन आधीच घेऊन बसला असाल तर अशा बाजारात मोबाइल रिपेअरवाले थोड्या पैशात पिना लावून देतात, फक्त पट्टी कुठल्या बाजूने बसवायची ते त्यांना बोर्डाचा फोटो दाखवून सांगा, उलट्या बाजूने लावली तर ई-पेपर वर बसणार नाही.